विषाच्या घराण्यातली औषधं

महाशिवरात्रीला धोतऱ्याचं फूल आणि काटेरी फळ शंकराला वाहतात, पण त्या झाडाला तोंड लावू नये हे खेड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. धोतऱ्याच्या बियांत स्कोपोलामाइन, हायोसायमिन आणि अ‍ॅट्रोपिन ही अल्कलॉइडं असतात. इंग्रजी अमदानीतल्या पोलिसी आणि वैद्यकीय नोंदींत वाटसरूंच्या जेवणात धोतरा कालवून त्यांना लुटणाऱ्यांची प्रकरणं वारंवार येतात. लुटारूंना या विषाचा एक गुण फार सोयीचा होता. वाटसरू जगला तरी मधल्या वेळात काय घडलं, सोबत कोण होतं, हे त्याला धड सांगता येत नसे. ड्रॅकमन आणि लेविट या अमेरिकी संशोधकांनी १९७४ मध्ये याच स्मृतिभ्रंशाचं मोजमाप केलं. धडधाकट तरुणांना त्यांनी स्कोपोलामाइनचा बेताचा डोस दिला आणि स्मृतीच्या चाचण्या घेतल्या. आकडे किंवा शब्द ऐकून लगेच परत म्हणणं त्या तरुणांना जमत होतं, पण नवी गोष्ट मनात साठवून नंतर ती आठवणं कठीण जात होतं. त्यांच्या गुणांचा नमुना कोणतंही औषध न घेतलेल्या वृद्धांच्या नमुन्याशी जुळत होता. स्कोपोलामाइन मेंदूतल्या असिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाची जागा अडवतं, हे आधीपासून माहीत होतं. त्यामुळे नवी स्मृती घडायला असिटिलकोलीन लागतं, असा निष्कर्ष पुढे आला.

पाठोपाठ १९७६-७७ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अल्झायमरने मरण पावलेल्यांचे मेंदू तपासले. असिटिलकोलीन तयार करणारं एन्झाइम त्यांत फारच कमी उरलं होतं. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगन इथल्या सभेत ज्या रुग्ण बाईच्या मेंदूचं वर्णन केलं, त्यात पेशींबाहेरचे थर आणि पेशींच्या आतले गुंते होते. आज आपण त्यांना अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांच्या नावांनी ओळखतो. ते का साचतात, हे कोडं तेव्हा सुटलेलं नव्हतं आणि अजूनही पुरतं सुटलेलं नाही. असिटिलकोलीन कमी पडतं, ही बाब मात्र हातात धरून काही करता येण्याजोगी होती. पेशींमधल्या फटीत सुटलेलं असिटिलकोलीन तोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, त्याचं नाव असिटिलकोलीनएस्टरेज. त्याला अडवलं तर उरलंसुरलं असिटिलकोलीन जास्त वेळ टिकेल, हा हिशेब होता. असं अडवणारी रसायनं वनस्पतींनी फार पूर्वीच बनवून ठेवली होती. मात्र ज्या वनस्पतींचं नाव परंपरेत बुद्धी आणि स्मृतीशी जोडलेलं आहे, त्यांच्यात औषध ठरण्याजोगी ती सापडली नाहीत. ती विषारी वनस्पतींत सापडली. या प्रकरणाचा सगळा मुद्दा या विसंगतीभोवती आहे.

पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागात, एफिक लोक कॅलाबार नावाच्या वेलीच्या बियांनी न्यायनिवाडा करत. आरोपीने बियांचं पाणी प्यायचं. मेला तर दोषी, ओकून वाचला तर निर्दोष. एडिंबरोचे विषतज्ज्ञ रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये ही बी स्वतः चाखून पाहिली आणि आपल्या शरीराची अवस्था नोंदवून ठेवली. त्यातलं अल्कलॉइड, फायसोस्टिग्मीन, १८६४ मध्ये वेगळं करण्यात आलं. त्याच वर्षी प्रागमध्ये अ‍ॅट्रोपिनच्या विषबाधेवर कॅलाबारचा अर्क उतारा म्हणून वापरला गेला, म्हणजे धोतऱ्याच्या गटातल्या विषावर दुसऱ्या वेलीचं विष. पर्सी ज्युलियन या कृष्णवर्णीय अमेरिकी रसायनज्ञाने १९३५ मध्ये हा रेणू प्रयोगशाळेत घडवला. अल्झायमरच्या रुग्णांवरही फायसोस्टिग्मीन वापरून पाहिलं गेलं, पण ते औषध म्हणून टिकलं नाही. त्याचा परिणाम झटपट ओसरतो, मळमळ फार होते, आणि उपयोगी डोस व त्रासदायक डोस यांत अंतर थोडं असतं. तरीही एन्झाइमला घट्ट धरून ठेवणारा त्याच्या रचनेतला भाग रसायनज्ञांच्या कामी आला. इस्रायलमध्ये मार्टा वाइनस्टॉक यांनी त्याच धर्तीवर नवा रेणू बनवला. तो रिव्हास्टिग्मीन, आणि आज त्याचे पॅच रुग्णांच्या पाठीवर चिकटवले जातात. त्या बीचा एकही कण या पॅचमध्ये नसतो, फक्त एन्झाइम अडवण्याची तिची युक्ती त्यात वापरलेली असते.

दुसरं औषध थेट वनस्पतीतून आलं. कॉकेशसमधल्या स्नोड्रॉपच्या कंदातून सोव्हिएत संशोधकांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला गॅलँटामीन मिळवलं, आणि ते असिटिलकोलीनएस्टरेज अडवतं हेही दाखवलं. बल्गेरियात दिमितार पास्कोव्ह यांनी त्यापासून निवालिन नावाचं औषध तयार केलं. पोलिओनंतरची दुर्बलता, स्नायूंचे काही आजार आणि शस्त्रक्रियेत दिलेलं स्नायू शिथिल करणारं औषध उतरवणं, यांसाठी पूर्व युरोपात ते वापरलं जात होतं. गावकरी हा कंद कपाळाला चोळत आणि ते पाहून शास्त्रज्ञांना कल्पना सुचली, अशी एक गोष्ट सांगतात. तिचा पक्का लेखी आधार मात्र कुणाला सापडलेला नाही. दोन मज्जातज्ज्ञांनी १९८३ मध्ये आणखी मजेदार तर्क मांडला: होमरच्या महाकाव्यात जादूगारीण सर्सीने खलाशांना मायदेश विसरायला लावणारं जे औषध दिलं ते धोतऱ्याच्या जातीचं असावं, आणि त्यावरचा उतारा असलेली मोली ही वनस्पती म्हणजे स्नोड्रॉप. पुरावा म्हणून याची किंमत नाही, पण विष आणि उताऱ्याची जोडी तर्काला बरोबर बसते. अल्झायमरसाठी गॅलँटामीन वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९८७ मध्ये बॉनी डेव्हिस यांना मिळालं, आणि २००१ मध्ये तिथे औषध म्हणून मान्यता आली. कंद खणून एवढा माल पुरवणं शक्यच नव्हतं. बल्गेरियात स्नोड्रॉपच्याच कुळातल्या ल्यूकोजमची पानं वापरली गेली, वेल्सच्या डोंगराळ भागात डॅफोडिलची लागवड झाली, आणि कारखान्यात संपूर्ण कृत्रिम रेणूही बनू लागला.

आता हे औषध काय करतं, ते न फुगवता सांगायला हवं. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९७८ रुग्णांना पाच महिने गॅलँटामीन किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. स्मृती आणि विचारशक्ती मोजणाऱ्या ७० गुणांच्या मापावर दोन गटांत साधारण तीन ते चार गुणांचा फरक पडला. उपचाराविना रुग्ण काही महिन्यांत जितका घसरतो, जवळपास तितकाच हा फरक. पेशी मरायच्या थांबत नाहीत; दिवा मिणमिणत असताना वात थोडी पुढे सरकवावी, तसं हे आहे. मळमळ, भूक मंदावणं, हृदयाचे ठोके हळू पडणं हे त्रास होतात. स्मृतीची तक्रार असलेल्या, पण डिमेन्शिया न झालेल्या लोकांवरच्या दोन चाचण्यांत २००५ मध्ये गॅलँटामीन घेणाऱ्यांत १३ आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत १ मृत्यू नोंदला गेला. पुढच्या पाठपुराव्यात ही तफावत बरीच घटली, पण औषध सरसकट सगळ्यांना देण्याचा विचार तिथेच थांबला. हेही कबूल करायला हवं की याच गटातलं डोनेपेझिल हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सर्रास दिसणारं औषध जपानमधल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि त्याचा कुठल्या वनस्पतीशी संबंध नाही.

विषारी घराण्यातच ही औषधं का सापडावीत? वनस्पतीला पळता येत नाही. पानं खाणाऱ्या किड्याला किंवा जनावराला आवरण्यासाठी ती त्याच्या मज्जासंस्थेला धक्का देणारी रसायनं बनवते, आणि असिटिलकोलीनचं यंत्र किड्यापासून माणसापर्यंत जवळपास सारखंच असल्याने ते रसायन आपल्यालाही लागू पडतं. अशा रेणूचा परिणाम ठळक असतो. तो मोजता येतो, डोस वाढवला की वाढतो. आता यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. असिटिलकोलीनचीच उपपत्ती हातात होती म्हणून तिला साजेशी विषंच यशस्वी ठरली, हा प्रदक्षिणेचा तर्क नाही का? ब्राह्मी किंवा हळद दुसऱ्या मार्गाने, दाह कमी करून किंवा अमायलॉइड विरघळवून, काम करत असतील तर या चाळणीत त्या गळणारच. आक्षेपाचा पहिला भाग मान्य करायला हवा. लक्ष्य आधी ठरलं होतं म्हणून शोध तिकडे गेला. पण माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांनी कुठलंही एन्झाइम मोजलेलं नाही. कुणाला डिमेन्शिया झाला आणि कुणाची स्मृती सुधारली, एवढंच त्यांनी मोजलं. मार्ग कोणताही असो, शेवटी रुग्णात फरक दिसायला हवा होता. शिवाय विषाच्या घराण्यातलं असणं पुरेसं नाही, हेही या चाचण्यांनी दाखवलं. मुका मार आणि सूज यांवर चीनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका शेवाळासारख्या वनस्पतीतून १९८०च्या दशकात ह्युपरझीन-ए मिळालं. एन्झाइम अडवण्यात ते तगडं आहे, चीनमध्ये त्याला औषध म्हणून परवानाही आहे. तरीही अमेरिकेतल्या २१० रुग्णांवरच्या चाचणीत, जिचा निकाल २०११ मध्ये आला, ठरलेल्या मुख्य डोसने सोळा आठवड्यांत स्मृतीत फरक पाडला नाही.

स्मृतीच्या वनस्पतींमध्ये सर्वांत कसून तपासली गेलेली आहे गिंको. अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ लोकांना तिचा प्रमाणित अर्क किंवा निष्क्रिय गोळी सरासरी सहा वर्षं दिली गेली. २००८ मध्ये निकाल लागला: डिमेन्शिया होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच. फ्रान्समध्ये २,८५४ लोकांवर पाच वर्षं चाललेल्या चाचणीनेही २०१२ मध्ये तेच सांगितलं. आपल्याकडची ब्राह्मी या कसोटीला अजून उतरलेलीच नाही. मुळात आपण ब्राह्मी कशाला म्हणतो, इथूनच घोळ आहे. पाणथळ जागेतली बकोपा आणि गोल पानांची मंडूकपर्णी या दोन अगदी वेगळ्या कुळांतल्या वनस्पती बाजारात एकाच नावाने विकल्या जातात. चरकसंहितेतल्या चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी यांची नावं येतात. बकोपावरच्या लहान चाचण्यांत निरोगी माणसांना तीनेक महिन्यांनी शब्द आठवण्यात थोडी मदत झाल्याचं दिसलं आहे, आणि ते दुर्लक्षिण्यासारखं नाही. पण निरोगी माणसाचं पाठांतर सुधारणं आणि पेशी गमावत चाललेल्या मेंदूला आधार देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चंडीगडमध्ये बकोपाची तुलना थेट डोनेपेझिलशी झाली आणि दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून ब्राह्मी डोनेपेझिलइतकीच गुणकारी असं म्हणणारे लेख लगेच झळकले. एवढ्या लहान चाचणीत फरक न दिसणं म्हणजे दोन्ही औषधं बरोबरीची असणं नव्हे. फरक असता तरी तो तिच्या नजरेतून निसटला असता.

हळदीचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिच्यामागे रसायनापेक्षा आकडेवारीचा मोह जास्त आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या ग्रामीण भागात झालेल्या भारत-अमेरिका पाहणीत अल्झायमरचं प्रमाण अमेरिकेपेक्षा बरंच कमी आढळलं. भारतीय रोज हळद खातात, म्हणून त्यांना अल्झायमर कमी होतो, हा निष्कर्ष तिथून जगभर पसरला. त्या पाहणीत कुणाच्या ताटातली हळद मोजलीच नव्हती. आयुर्मान कमी, पाठपुरावा थोडक्या काळाचा, आणि म्हातारपणीचं विसरणं घरात रोग मानलंच जात नाही, अशी कारणं समोर होती. पुढे देशभरच्या नमुन्यावर आधारलेल्या पाहणीतून २०२३ मध्ये जो अंदाज आला, तो ६० वर्षांवरच्या भारतीयांत ७.४ टक्के डिमेन्शिया सांगतो, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. हळद खाणाऱ्या देशातला हा आकडा आहे. प्रयोगशाळेत कुरकुमिन अमायलॉइडला चिकटतं, रोगट उंदरांत ते थर कमी करतं, हे खरं. अडचण पोटात आणि यकृतात सुरू होते. कुरकुमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, आणि जे जातं त्याचं रूप यकृत लगेच बदलून टाकतं. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्झायमरच्या रुग्णांना २४ आठवडे रोज चार ग्रॅमपर्यंत कुरकुमिन दिलं गेलं. हळदीत कुरकुमिन तीन टक्के धरलं तर सव्वाशे ग्रॅमहून जास्त हळद रोज खाल्ल्यावर जेवढं मिळेल तेवढं. रक्तात त्याचा जेमतेम अंश सापडला आणि स्मृतीत फरक पडला नाही. शिवाय हा रेणू प्रयोगशाळेलाही चकवतो. तो स्वतः चमकतो, पाण्यात लवकर विघटित होतो, हाताला लागेल त्या प्रथिनाला चिकटतो. त्यामुळे बऱ्याच कसोट्यांत खोटा होकार मिळतो. विरुद्ध बाजूचा पुरावाही इथे मांडायला हवा. कॅलिफोर्नियात ४० जणांना दीड वर्ष जास्त शोषलं जाणारं कुरकुमिन किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली, आणि २०१८ मध्ये कुरकुमिन घेणाऱ्यांच्या स्मृतीत सुधारणा नोंदली गेली. मात्र हे लोक डिमेन्शियाचे रुग्ण नव्हते. चाळीस माणसांवर एवढा मोठा दावा उभा करणं मला धाडसाचं वाटतं.

उंदीर आणि माणूस यांच्यातली दरी किती खोल आहे, ते अश्वगंधेच्या उदाहरणात दिसतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की अश्वगंधेच्या अर्काने रोगट उंदरांच्या मेंदूतलं अमायलॉइड घटतं आणि वागणूकही सुधारते. मेंदूऐवजी यकृत या परिणामाला कारण होतं. तिथलं एक प्रथिन वाढतं आणि ते रक्तातलं अमायलॉइड खेचून घेतं. इतकी स्पष्ट यंत्रणा फार थोड्या वनौषधींना सांगता येते, म्हणून मला हे काम मोलाचं वाटतं. पण ते उंदरांतलं आहे, आणि उंदरांतली अशी यशं शेकड्यांनी आहेत. द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेराट्रॉलचा किस्सा लक्षात ठेवावा. ११९ रुग्णांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत ते घेणाऱ्यांच्या मेंदूचा आकार निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त घटला. त्याचा अर्थ नुकसान की सूज उतरणं, यावर अजून वाद आहे.

वैद्य मंडळींचा आक्षेप असा की एकच रेणू उपटून तपासणं हीच चूक. वनस्पती समग्र घ्यावी, प्रकृती पाहून द्यावी. हे तपासता येत नाही असं मुळीच नाही. गिंकोच्या चाचण्यांत वेगळा केलेला रेणू नव्हता, पानांचा अर्क होता. प्रकृतीनुसार दिलेली औषधयोजनाही दोन गट करून तोलता येते. आधुनिक वैद्यक देशी वनस्पतींकडे तुच्छतेने पाहतं, या तक्रारीला मुंबईचंच उत्तर आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण रुग्णांवर तपासून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. पुढे तिच्यातलं रेझर्पिन जगभर वापरात आलं, कारण परिणाम मोजता आला होता. वनस्पतीचं पेटंट मिळत नाही म्हणून कंपन्या पैसा घालत नाहीत, हे अर्धं खरं आहे. गिंकोची अमेरिकी चाचणी सरकारी पैशाने झाली, आणि गॅलँटामीन हा जुना, उघड रेणू असूनही त्याच्या नव्या वापरावर पेटंट मिळालंच.

उरतो तो नेहमीचा दिलासा: फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना? भाजीतली चिमूटभर हळद निर्धोकच आहे. मिऱ्यातलं पायपरीन घालून शोषण वाढवलेल्या कुरकुमिनच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं मात्र अमेरिकेत सिद्ध झाली आहेत, अश्वगंधेचीही काही आहेत. पिवळा रंग खुलवण्यासाठी हळदीत लेड क्रोमेट मिसळलं जात असल्याचं बांगलादेशात उघड झालं, आणि शिसं तर मेंदूचा वैरी. सर्वांत मोठं नुकसान हातातून जाणाऱ्या वेळाचं. विसरभोळेपणामागे ब-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड किंवा अ‍ॅट्रोपिनसारखाच परिणाम करणारी झोपेची आणि लघवीची औषधं असू शकतात, आणि ही कारणं दुरुस्त होण्याजोगी आहेत. वर्षभर ब्राह्मीचं सिरप घेत बसलं की तपासणी तेवढी लांबते. अल्झायमरवरची नवी इंजेक्शनंही चमत्कार नाहीत. त्यांतल्या लेकॅनेमॅबने १,७९५ रुग्णांवरच्या चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, पण १८ गुणांच्या मापावर तो फरक अर्ध्या गुणापेक्षा कमी, आणि काही रुग्णांत मेंदूला सूज किंवा रक्तस्राव झाला. म्हणून वनस्पतींकडे पुन्हा वळण्यात गैर काही नाही. फक्त कुठे शोधायचं हे बदलावं.

सह्याद्रीत या शोधाला जागा आहे. स्नोड्रॉप आणि डॅफोडिल ज्या कुळातले, त्याच कुळातले क्रायनम आणि पँक्रेशियम पावसाळ्याच्या तोंडी आपल्या डोंगरमाथ्यांवर आणि माळांवर पांढरी फुलं काढतात. गुरं त्यांचे कंद खात नाहीत. या कुळात गॅलँटामीनच्या जातीची अल्कलॉइडं बनतात, तेव्हा त्यांची नीट छाननी व्हायला हवी. मात्र त्याआधी नरक्याची आठवण ठेवावी लागेल. कॅन्सरवरच्या औषधासाठी लागणाऱ्या कॅम्प्टोथेसिनसाठी हे झाड पश्चिम घाटात मुळासकट तोडलं गेलं. कंदाचा गुण कुठल्या नियतकालिकात छापून आला की दलाल आधी पोहोचतात, त्यामुळे छाननीबरोबरच रोपवाटिका आणि लागवडीची सोय लागेल. स्नोड्रॉपच्या जंगली कंदांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून निर्बंध आहेत. कारखान्याला लागणारं गॅलँटामीन त्यानंतर शेतातल्या डॅफोडिलमधून आणि प्रयोगशाळेतल्या भांड्यांतून येऊ लागलं.